परतीचा भाग

सत्तर सालच्या आसपास मी सुरतेत बँकेत होतो. लिंबायतच्या कामगारवस्तीत चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सकाळी एक खान्देशी माग-कामगार भेटायचा. तो सिनेमाची गोष्ट रचत होता. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते, म्हणून ओरडूनच बोलायचा. अख्ख्या लारीला त्याची गोष्ट पाठ होती. बोलताना चिमटीने हवेतला तुटका धागा जोडत राहायचा.

नायक गाव सोडतो, मध्यंतरापर्यंत कारखान्यात पुरता अडकतो, इथवर तो झरझर सांगायचा. शेवट मात्र सुचत नव्हता. एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, "घरून निघालेला नायक शेवटी घरी परततो. जुन्या सगळ्या गोष्टींची बांधणी तशीच असते."

दुसऱ्या दिवशी तो चहा घेऊन बसला, तेव्हा बोटं स्थिर होती. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "साहेब, परत गयेल माणूस मी आजून देखाच नही. तो कसा चालस, काय बोलस, माले काय माहीत?"

पुढे त्याने ती गोष्ट कधी काढली नाही.

आपल्या गावी, धुळ्याला बदली मागून घेऊ, असं मी तेव्हा बायकोला नेहमी म्हणायचो. निवृत्तही सुरतेतच झालो.