थोरल्या साडूंचे परदेशी पत्ते

जगाच्या पाठीवर कुठेही एखादा माणूस टेबलाशी बसून अठ्ठ्याहत्तर चित्रं काढायला घेतो, तेव्हा त्याच्या मागे रनाळ्याचे माझे थोरले साडू उभे असतात, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण पोर्तुगालमधल्या एका बाईने मांजरांचा टॅरो काढायला घेतला तेव्हा तिला पहिल्याच दिवशी साथ देणाऱ्यांच्या यादीत साडूंचं नाव होतं. कोरियातल्या एका मुलीच्या भाज्यांच्या टॅरोत, आभार मानलेल्या लोकांमध्ये, अगदी बारीक अक्षरात का होईना, आमचं रनाळे छापलेलं आहे. टॅरो म्हणजे भविष्य सांगण्यासाठी वापरतात ते पत्ते. एका कॅटात अठ्ठ्याहत्तर, आणि प्रत्येकावर चित्र. साडूंकडे असे शंभर कॅट आहेत. भविष्य मात्र त्यांनी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. जन्मभर टपाल खात्यात होते आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पार्सलं तोलली, शिक्के मारले, वाटली. त्यांच्या नावाचं पार्सल म्हणून कधी आलं नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या पुण्याच्या मुलीने मोबाइलवर एक साइट दाखवली. तिथे चित्रकार सांगतात की मला असा असा कॅट काढायचा आहे, पुरेसे लोक जमले तर छापीन आणि प्रत्येकाला घरपोच पाठवीन. गावात हे समजावताना साडू म्हणतात, "गनपतीनी वर्गनी ऱ्हास ना, तशी वर्गनी शे ही." फरक एवढाच, की मंडळ परदेशात असतं आणि मूर्ती टपालाने घरी येते. तीही सांगितलेल्या दिवशी कधीच नाही.

हे उशिरा येणं हाच त्यांच्या आनंदाचा मोठा भाग आहे. चित्रकाराचा खुलासा आला, की ओसरीवर मिरच्या निवडत बसलेल्या आक्कांना ते तो मराठीत करून वाचून दाखवतात. कागद मिळाला नाही, सोनेरी कडांचा रंग उतरला, चित्रकाराचं मनगट दुखावलं. मनगटाची बातमी आली तेव्हा साडू दोन दिवस अस्वस्थ होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या अनोळखी माणसाला मोहरीच्या तेलाने शेकायची कृती इंग्रजीत लिहून पाठवली. एकदा कॅट भरलेलं जहाज कुठल्याशा बंदरात अडकलं. ही गोष्ट त्यांनी पारावर इतक्या काळजीने सांगितली, की महिनाभर शेतावर जाणारी माणसं सायकल थांबवून विचारत होती, "मास्तर, तुमनं जहाज निंघनं का?" निघालं, त्या दिवशी साडूंनी पारावर सगळ्यांना चहा पाजला.

कॅट आला की तो उघडण्याचा सोहळा असतो. आधी साबणाने हात धुणं, मग मलमलीचे पांढरे हातमोजे, मग पंखा बंद. पत्ते उडू नयेत म्हणून. आमच्या खान्देशात मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. एकदा मी त्या खोलीत सापडलो होतो. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि साडू एकेक पत्ता बोटांच्या टोकांवर धरून मला दाखवत होते. घामाचा एक थेंब हनुवटीपर्यंत आला तेव्हा ते इतक्या जोरात "मांगे सरका!" म्हणून ओरडले, की मला वाटलं साप निघाला. शंभर कॅट चार कपाटांत, आलेल्या क्रमाने, प्रत्येकाच्या पेटीवर चिठ्ठी लावून. नातवंडांनासुद्धा हात लावायची परवानगी नाही.

आक्कांचं दुःख वेगळं होतं. घरात पत्त्यांचे शंभर कॅट आहेत हे बाहेर कळलं, आणि आपल्याकडे पत्ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. कोणीतरी चौकीत जाऊन सांगितलं, की पोस्टमास्तरांच्या घरी अड्डा चालतो. एक हवालदार चौकशीला आले. साडूंनी त्यांना हात धुवायला लावले, मोजे दिले आणि मांजरांच्या कॅटापासून सुरुवात केली. दोन तासांनी हवालदार निघाले तेव्हा दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मन्ही बदलीनं काही दिसस का यामा?"

"साहेब, मी पोस्टातला मानूस शे," साडू म्हणाले, "दुसरानं पाकीट फोडीसन वाचत नही."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्न जमेल का विचारायला आलेल्या बापाला, निकालाची धाकधूक असलेल्या पोरींना, सगळ्यांना हेच. पत्ते बघायचे, विचारायचं काही नाही. कोणी मरणाचा पत्ता पाहून दचकलं, की मात्र त्यांचं व्याख्यान सुरू होई. प्रत्येक कॅटात तेरावा पत्ता मरणाचा असतो. "मरन म्हंजे मरन नही," ते समजावत, "बदल शे. जुनं जास, नवं येस. भ्यावानं काय त्यामा?" हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं आहे, की झोपेतही म्हणून दाखवीन.

माझी बायको या सगळ्याची पहिल्यापासून टिंगल करायची. दाजींची खेळणी, असं ती म्हणायची. मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ लागली. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे तुकडा काढून घेतला आणि सांगितलं, आठ दिवसांनी रिपोर्ट. त्या आठ दिवसांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. ती स्वयंपाक करायची आणि ताटावर बसायची नाही. चौथ्या दिवशी ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "दाजीकडे चाला. माले एक पत्ता काढना शे."

मी साडूंना फोन लावला. उद्या सकाळी येतो म्हणालो, कशाला तेही सांगितलं.  मला भीती होती ती त्या ठरलेल्या उत्तराची. पण ते एवढंच म्हणाले, "सकाळमा नका येवा. दुपारनंतर या. माले जरासं काम शे."

दुपारी आम्ही पोचलो. साडूंची दाढी वाढलेली, डोळे लाल. हात धुवायला सांगितलं नाही, हातमोजे दिले नाहीत, पंखाही चालूच. चारही कपाटं उघडून ते बाजूला उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "तुले जो आवडी तो ले." तिने बराच वेळ बघून पक्ष्यांचा एक कॅट उचलला, पिसला, जमिनीवर पसरला. तिचा हात पत्त्यांवरून फिरत होता आणि मी साडूंकडे पाहत होतो. ते भिंतीला टेकून उभे होते. तिने एक पत्ता उलटला.

बाभळीच्या फांदीला सुगरण पक्ष्याची सात घरटी लटकलेली, आणि पक्षी आठवं विणतो आहे.

"हाई काय शे, दाजी?"

साडू खाली बसले. जन्मात पहिल्यांदा ते पत्ता वाचत होते. "काम शे," ते म्हणाले. "बक्कय काम पडेल शे तुन्हापुढे. सात घरं व्हयनात, आठवं बाकी शे."

बायकोने पत्ता पुन्हा पाहिला. "म्हंजे मी ऱ्हासू."

"ऱ्हाशी नही ते काय? काम कोन करी?"

त्या संध्याकाळी ती आक्कांच्या घरी दोन भाकरी जेवली. पुढचे तीन दिवस ती चिडली, रडली, पण जेवली.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी डॉक्टरांचे शब्द तिला तीनदा म्हणून दाखवले, मग साडूंना फोन केला. त्यांनी ऐकलं आणि फोन तसाच खाली ठेवला. थोड्या वेळाने आक्कांचा आवाज आला, "काय सांगं तुम्ही यासले? हाऊ मानूस वट्टावर बशीसन रडी ऱ्हायना."

दुसऱ्या दिवशी आम्ही रनाळ्याला गेलो तेव्हा ओसरीवर बिस्किटांचे तीन मोठे खोके होते, आणि तिन्ही पत्त्यांनी भरलेले. साडू उठून आत जायला निघाले. आक्कांनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. माझा फोन आल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या माणसाने चारही कपाटं रिकामी केली होती. बायको कोणता कॅट उचलेल याचा नेम नव्हता, म्हणून शंभरच्या शंभर कॅट उघडून प्रत्येकातलं मरण बाहेर काढलं. मग कोसळणारा मनोरा, मग सैतान, मग काळजात तलवारी घुसलेला पत्ता. शेवटच्या कपाटापर्यंत वेळ संपत आला, तेव्हा नावं वाचणं सोडून जो चेहरा वाईट दिसेल तो काढला. त्यात भाज्यांच्या कॅटातलं एक कारलंसुद्धा गेलं होतं. कारलं बिचारं सुखसमृद्धीचं होतं.

बायको खोक्यांकडे बघत राहिली. "दाजी, तुमना इश्वास नही ना पत्तासवर?"

"नही."

"मंग काब्र काढात?"

साडू चष्मा पुसत होते. "मन्हा नही. तुन्हा व्हता ना त्या दिन."

ती खोक्यांजवळ गेली. पदर खोचून खाली बसली, पहिला खोका जमिनीवर उपडा केला आणि आम्ही चौघं ते पत्ते परत लावायला लागलो. सबंध दिवस गेला. आक्कांच्या ओसरीभर शंभर मरणं पसरली होती: घोड्यावरचा सांगाडा, वाळलेलं झाड, काळी मांजर, सुकलेली भेंडी, छत्री घेतलेली एक बाई. बायको एकेक उचलून विचारत होती, "हाई कोननं मरन शे, दाजी?" आणि साडू चष्म्याच्या वरून पाहून सांगत होते, "ते मांजरासनं. तिसरा कपाटमा." भेंडीच्या मरणाला ती इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि आक्कांना पाणी आणावं लागलं. तिला असं हसताना ऐकून मला उठून मागच्या अंगणात जावं लागलं. तिथे मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

सगळं काही जागेवर गेलं असं नाही. काही कॅटांच्या कडा सारख्याच, पाठीही सारख्या. संध्याकाळपर्यंत साडूंच्या डोळ्यांना कळेनासं झालं. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या. मी त्यांच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकले.

परवा गेलो तेव्हा ते एका नव्या कॅटाची वर्गणी भरत होते. चित्रकार प्रत्येक पत्ता लाकडात कोरून छापणार आहे. तीन वर्षं लागतील, असं त्यानेच लिहिलं आहे, म्हणजे चार धरायची. साडूंना पंचाहत्तरावं लागलं आहे. अलीकडे जिना चढताना मध्ये थांबतात. मी शेजारी बसून बघत होतो. पाठवण्याच्या पत्त्याच्या रकान्यात त्यांनी एकेक अक्षर शोधत माझ्या बायकोचं नाव टाकलं, खाली आमच्या घराचा पत्ता.

"तिचं का?" मी विचारलं.

"पार्सल लेवाले घरमा कोनी तरी पायजे ना," ते म्हणाले. "ती ऱ्हाई."