ओट्यावरची प्रार्थना

आई गेली त्या दिवशी आमचे पाळकसाहेब सेनगावला जीपमध्ये बसून होते. आईनं सकाळीच प्रभुभोजन मागितलं होतं. भाकरीचा एक तुकडा आणि प्याल्यातला एक घोट, तोही पाळकाच्याच हातून. आमच्या खेड्यात, गोरेगावात, ख्रिस्ती घर आमचं एकटंच, चर्च सेनगावला. साहेब फोनवर "निघालोच" म्हणाले आणि खरंच निघाले. पण आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. दुसरा कुणी ड्रायव्हरशी भांडला असता. हे पडले भिडस्त. मांडीवर भाकरीचा डबा धरून सीटं भरायची वाट बघत राहिले.

ते पोचले तेव्हा शेजारची चाची आईची हनुवटी बांधत होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, साहेबांकडं बघून एवढंच विचारलं, "भरली का गाडी?"

आईला मूठमाती दिली आणि त्या दिवसापासून आबांनी चर्च सोडलं. पाळकसाहेबांना आमचं दार बंद झालं.

साहेबांनी मात्र आम्हाला सोडलं नाही. पुढं कित्येक वर्षं दर बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला त्यांची फटफटी दारात थांबायची. जीपमध्ये ते पुन्हा कधी बसले नाहीत. फटफटीचा आवाज आला की आबा कडी लावायचे आणि दाराला पाठ टेकून खाली बसायचे. बाहेर साहेब ओट्यावर बसायचे. मध्ये एक फळी. आबा आतून विचारायचे, "भरली का गाडी?" मग बाहेरून प्रार्थना सुरू व्हायची, नेहमी तीच.

"प्रभू, मी भाकर घेऊन पोचलो नाही, तरी तू तिला उपाशी ठेवलं नसशील. उशीर माझा झाला." इथं त्यांना हटकून खोकला यायचा. रस्त्यावरच्या धुळीचा असेल, नाहीतर रडू दाबल्याचा. मग पुढं, "आत बसलेल्या माणसाला एकटं सोडू नको. आमेन."

चाची त्यांना आपल्या घरून चहा आणून द्यायची आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बडबडायची. मला दोघांचाही राग यायचा. एक दार उघडीना, दुसरा येणं सोडीना, आणि मी आपली चुलीपाशी श्वास रोखून. एकदा मी कडीला हात घातला. आबा म्हणाले, "मी मेल्यावर उघड."

गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबच गेले. आबा त्यांच्या मातीला गेले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र दिवेलागणीला त्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसले. फटफटी आली नव्हती. ओट्यावर कुणी नव्हतं, मी खिडकीतून बघितलं होतं. तरी खोकला मला स्पष्ट ऐकू आला. आबांनाही आला असावा. त्यांनी गाडीचं काही विचारलं नाही, नुसते दाराला कान लावून बसले.

असं दर आठवड्याला होऊ लागलं. बाजारातून भाजी घेऊन घरी यायची मला भीती वाटायची.

पावसाळा सरल्यावर नवे पाळक आले. तरणेच होते. नेमके बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीलाच त्यांनी दार वाजवलं, आणि आबांनी स्वतः उठून कडी काढली. मी बघतच राहिले. आबांनी त्यांना खुर्ची दिली, मला चहा टाकायला सांगितलं. मग स्वतः बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसले.

नवे पाळक माझ्याकडं बघायला लागले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "प्रभू, मी भाकर घेऊन पोचलो नाही, तरी तू तिला उपाशी ठेवलं नसशील." शब्द न् शब्द तोच. इतकी वर्षं दाराला पाठ लावून आबांनी ती पाठ केली होती.

"उशीर माझा झाला," आबा म्हणाले आणि थांबले. बरोबर खोकल्याच्या जागी थांबले. मीही आत वाट बघत होते. खोकला आला नाही. पुढचं वाक्य आबांच्या तोंडून निघेना.

नव्या पाळकांनी हळूच विचारलं, "मी बाहेर जाऊ का?" मी नको म्हटलं. उठून दार उघडलं. आबा साहेबांच्या जागेवर हात जोडून बसले होते.

"आबा, आत या," मी म्हणाले.

"हे म्या साहेबाईला म्हनाय पायजे व्हतं," आबा म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.