बियाचा पावटा

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून भाजी लावायची असं ठरलं, तेव्हा मीच पुढं होते. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! कॉलनी बहुतेक पलटणीतून रिटायर झालेल्यांची, माझे मालकही त्यातलेच. प्रत्येक घराला एक वाफा. पावसाळ्यात गोगलगायींनी काकडीची रोपं फस्त केली. हिवाळ्यात मेथी जरा वर आली की फिरायला येणाऱ्या बायका पदरात भरून न्यायच्या. उन्हाळ्यात तर नळालाच पाणी नाही. राबायला मी आणि खायला सगळं गाव.

यंदा मात्र मी डोळ्यांत तेल घालून वाफा राखला, कारण त्यात आईचा पावटा होता. माझं माहेर आटपाडीकडचं, कोरडवाहू. आई बाजरीत पावटा टाकायची. दाणा बारीक, डोळ्याला लाल कड, आणि आमटी उकळली की शेजारीण वाटी घेऊन दारात. पुढं कालव्याचं पाणी आलं, भावानं सगळ्या रानात ऊस केला आणि पावटा गेला. आई वारली तेव्हा तिच्या गाडग्यात, राखेत ठेवलेलं मूठभर बी तेवढं उरलं होतं. त्यालाही किडा लागायला लागला होता. आणखी एक वर्ष ते टिकलं नसतं, म्हणून मी सगळंच पेरलं.

वेल मांडवावर चढला. आम्ही शेंगा एकदाच खाल्ल्या, बाकीच्या बियाला सोडल्या. आईच्या लुगड्याची लाल चिंधी वेलाला बांधली आणि कॉलनीभर सांगत सुटले, चिंधीच्या वेलाला हात लावायचा नाही. समोरच्या सुभेदारीणबाईंनी तरी चार शेंगा तोडल्याच. त्यांच्याशी मी महिनाभर बोलले नाही. मालक हसायचे. मी खायच्या लोभानं जपते असं त्यांना वाटायचं. त्यांची सगळी उमर पलटणीत गेली, बी म्हणजे दुकानातलं पाकीट एवढंच त्यांना ठाऊक.

जानेवारीत शेंगा वाळल्या. वेल हलवला की आतले दाणे खुळखुळायचे. आता काढायच्याच होत्या, तेवढ्यात कोरेगावच्या नणंदेनं हळदीकुंकवाला बोलावलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं.

परत आले ती पंचवीस तारखेची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी झेंड्याला कुणी मोठे साहेब यायचे होते, म्हणून रिटायर मंडळींनी दिवसभर खपून साफसफाई केली होती. सगळ्या विटांना गेरू आणि चुना. माझा वाफा उघडाबोडका, नीट सारखा केलेला. कोपऱ्यात पाचोळा जळत होता. मालक गेरूचा डबा घेऊन उभे होते आणि हात पुसत होते आईच्या चिंधीला.

"आवं, माझा पावटा कुठाय?"

"वाळून पाचोळा झालता. पावण्यांसमोर असलं बरं दिसतंय व्हय?"

"बी हुतं त्यात. आईचं."

त्यांनी गेरूचा डबा खाली ठेवला. मी काठीनं राख उकरली, हाताला काळे खडे लागले. नखानं दाबले तर फुटले. संताप संताप झाला! सगळ्या कॉलनीपासून राखण केली आणि शेवटी कुंपणानंच शेत खाल्लं. बरं, भांडू तरी कुणाशी? त्या माणसानं माझी मान उंच व्हावी म्हणूनच सकाळपासून कंबर मोडून घेतली होती.

सकाळी झेंडा झाला. साहेब बागेतून फिरले आणि सगळ्यांत नेटका वाफा म्हणून आमचा नंबर काढला. मला बोलावून शाल आणि नारळ दिला. सुभेदारीणबाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मालकांनी मात्र मान वर केली नाही.

घरी येताना नारळ त्यांच्याकडं होता. फाटकापाशी थांबून ते हळूच म्हणाले, "तुझ्या भावाला फोन करू का? बांधाला एखादा वेल राहिला आसंल."

"त्या बांधालाही ऊसच हाय," मी म्हणाले.