जगताप सरांचा उजवा कान

"कान धर. स्वतःचा."

जगताप सर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. मी निजामपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. दिवसभर पोरांवर डोळे वटारणारी मी, एकोणतीस वर्षांची घोडी, हौस म्हणून रायफल क्लबात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी दहा अनोळखी माणसांसमोर कान धरून उभी! "असा नाही. उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान वर ओढ, मागे ओढ. हं. आता डाव्या हातानं बूच घाल." बूच म्हणजे स्पंजाचं, बोटाच्या पेराएवढं. ते चिमटीत वळून वळून सुतळीइतकं बारीक करायचं, आत सारायचं आणि फुगेपर्यंत दाबून धरायचं. "तीस मोज. गणिताची ना तू? मग मोठ्यानं मोज." मोजता मोजता माझाच आवाज डोक्यात घुमायला लागला, तेव्हा कुठे सर म्हणाले, "आता बसलं." पुढचे आठ दिवस त्यांनी मला बंदुकीला हात लावू दिला नाही.

तेव्हा फार हसू आलं होतं. आता येत नाही. ज्या माणसानं मला कान सांभाळायला शिकवलं, त्याचा उरलेला एकुलता एक कान मी घालवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी गुणी शिष्या वगैरे समजायला नको.

"पहेलां कान, पछी बंदूक," आधी कान, मग बंदूक, हे त्यांचं पालुपद. निम्मा क्लब गुजराती, म्हणून ते गुजरातीत. मी मांडवीच्या बाजारातून घासाघीस करून हेडफोनसारखे कानावर बसणारे गुलाबी मफ आणले, तर सरांनी ते माझ्या डोक्यावर चढवले, मागे जाऊन टाळी वाजवली आणि मी दचकले. "चष्म्याच्या दांडीनं फट पडते. आवाज उंदरासारखा असतो बाई, फट मिळाली की शिरला. आत बूच, वर मफ. दोन्ही." कुणी कापूस घालून आलं तर म्हणायचे, "कापूस जखमेला लावतात." आणि कुणी गाण्याचे इअरबड घालून आलं, की त्यांचा पारा चढायचा. "गाणं लावलं की मार लागलेला कळत नाही, एवढंच. मार बसतोच!" उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खी पोळ, म्हणजे त्यांची जुनी गल्ली, गच्चीवर पिपाण्या फुंकत, स्पीकर लावून पतंग उडवायची, तेव्हा सर मफ चढवून फिरकी धरायचे. पोळीतली पोरं त्यांना पायलट म्हणायची.

हे शहाणपण त्यांना उशिरा आलं होतं. घडियाळी पोळीतलं त्यांचं घर संस्थानच्या फौजेतल्या गोलंदाजांचं. पणजोबा तोफेवर, आजोबा बंदुकीवर, वडील आणि सर नेमबाजीत. कानात काही घालणं म्हणजे भ्याडपणा, अशी घराण्याची समजूत. 'जगतापांचा आवाज' पोळीत प्रसिद्ध होता. मीठ मागायचं तरी असं, की शेजारच्या हंसाबेननी डबा घेऊन यावं. लोक म्हणायचे, जगताप गुस्सावाळा. घरचे म्हणायचे, रक्तातला रुबाब. पन्नाशीत सरांनी कान तपासून घेतले तेव्हा कळलं, रुबाब कसला नि काय, एकजात सगळे बहिरे होते!

त्यातही सरांची गंमत अशी, की त्यांनी वीस वर्षं चोरून कापसाचा बोळा घातला होता, पण फक्त उजव्या कानात. उजवा गाल बंदुकीला टेकतो, तेव्हा आवाज तिकडूनच येणार, असा हिशेब. डावा उघडा, हुकूम ऐकायला. खरं म्हणजे उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावाच कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो. "वीस वर्षं चुकीच्या दाराला कुलूप लावलं मी," ते म्हणायचे. डावा पार गेला. उजवा निम्मा उरला. आणि तो निम्मा कान ते देवघरातल्या समईसारखा जपायचे, ते सुमनकाकूंसाठी.

सुमनकाकू त्यांच्या पत्नी. मूलबाळ नाही, घरात दोघंच. त्या ओरडणाऱ्या घराण्यात लग्न होऊन आलेली ही एकटी हळू बोलणारी बाई. सर म्हणायचे, "मोठ्यानं बोल गं!" काकू म्हणायच्या, "तुम्ही हळू बोला. मी इथेच आहे." चाळीस वर्षं हे एवढंच भांडण. पुढे काकूंना कंपवात झाला. हात थरथरायला लागले आणि आवाज आतल्या आत ओढला गेला. लिहावं, तर अक्षर मुंगीएवढं होऊन ओळीच्या शेवटी नाहीसंच व्हायचं. बोलणं कुजबुजीवर आलं. सर उजवा कान त्यांच्या ओठांशी नेऊन बसायचे. "एवढा एक पुरे आहे मला," एकदा मला म्हणाले, "तिच्यापुरता." डॉक्टरांनी रेंज सोडा म्हणून सांगितलं होतं. सरांनी क्लबाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. दिवाळीला तीन आठवडे राहिले होते.

त्या सकाळी मी पिस्तुलाला उभी होते. मोठ्या बोअरचं, कानठळ्या बसवणारं पिस्तूल, वर पत्र्याचं छप्पर. आणि मी, सगळं शिकलेली, सगळं पाठ असलेली मी, कंटाळा आला म्हणून मफच्या आत बुचांऐवजी इअरबड घातले होते. गाणं चालू. सरांचा फोन खिशात थरथरला. फोन बाहेर जाऊन घ्यायचा, हा त्यांचाच नियम. पण पडद्यावर हंसाबेनचं नाव होतं. काकू न्हाणीत पडल्या होत्या. सरांनी जागच्या जागी "स्टॉप!" म्हणून आरोळी ठोकली, मफ वर केला, बूच काढलं. ती आरोळी मफातूनही सगळ्यांना ऐकू गेली. मला गेली नाही. मी गोळी झाडली. सर माझ्यापासून तीन हातांवर होते, उजवा कान उघडा.

मी वळले तेव्हा ते कानावर हात दाबून उभे होते आणि ओठ हलवत होते. मी इअरबड ओरबाडून काढले. ते म्हणत होते, "पिस्तूल खाली ठेव. नळी समोर. मागे सर." शिकवण्याच्या आवाजात, शब्दाला शब्द. मग माझ्या हातातले इअरबड त्यांनी पाहिले. तसेच काकूंकडे धावले.

काकूंचं हाड वाचलं. कान वाचला नाही. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. त्या काळात सर सकाळी उठून आधी भांड्यावर चमचा वाजवून बघायचे, कान उघडला का. सहा आठवडे वाजवला, मग चमचा ठेवून दिला. महागातलं मशीन लावून पाहिलं. "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत," ते म्हणायचे. "पाण्यात कुणी बोलतंय असं वाटतं." काकू ओठ हलवायच्या, सर त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि मग तो धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला वाटायचं, धरणीनं पोटात घ्यावं.

मी रोज शाळा सुटल्यावर जायला लागले. हातात पाटी आणि खडू. काकू कुजबुजायच्या, मी लिहायची, सर वाचायचे आणि तळव्यानं पुसायचे. नवरा-बायकोच्या मध्ये बसणं हे काय काम आहे का? "औषध घेतलंत का" हे लिहायला सोपं. पण एकदा काकू म्हणाल्या, "ह्यांना सांग, दाढी करा, मला असं बघवत नाही," आणि लाजल्या. मीही लाजले. सर दाढी करायला उठले.

एका संध्याकाळी काकूंनी मला जवळ बोलावलं. "ह्यांना विचार, त्या दिवशी गोळी कुणी झाडली? मला सांगत नाहीत."

खडू माझ्या हातात होता. दुसरं काहीही लिहिता आलं असतं, कोण बघतंय? पण मी तेच लिहिलं. सरांनी वाचलं, पुसलं, आणि माझ्याकडे न बघता घर दणाणून सोडलं, "माझीच चूक! कान मीच उघडा टाकला!"

"खोटं बोलतायत," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं ओळखते." मग माझ्याकडे बघून, "तू होतीस ना?"

मी मान डोलावली. रडूही येईना. काकूंनी थरथरती बोटं माझ्या मनगटावर ठेवली. "मग उद्याही ये," त्या म्हणाल्या.

"काय म्हणते?" सर. मी लिहिलं, 'उद्याही ये.' त्यांनी वाचलं आणि पुसून टाकलं.

काकू पुढच्या हिवाळ्यात खालावल्या. लग्नसराईचे दिवस. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले, सरांकडे पाहिलं आणि बोलायला लागल्या. एक-दोन शब्द नव्हेत, पुरतं वाक्य. नेमका तेव्हाच पोळीच्या तोंडाशी वरघोडा, नवरदेवाची वरात, आला. डीजे असा, की खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, फडताळातली भांडी वाजायला लागली. मी कान काकूंच्या ओठांना लावला. ऊब लागली. शब्द एक नाही! मी खिडकी लावली, धावत परत आले, पुन्हा कान लावला. काही नाही. सरांना यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांच्या जगात शांतता होती. ते पाटीकडे डोळे लावून बसले होते. "काय म्हणाली? लिही ना!"

मी लिहिलं, 'ऐकू आलं नाही. बाहेर डीजे आहे.'

त्यांनी दोनदा वाचलं. मग ताडकन उठले. "आणि ती अशीच उघड्या कानांनी पडलीय? आधी नाही का सांगायचं!" खुंटीवरचे मफ काढले. काकूंच्या कानातल्या कुड्या फिरकी सोडवून अलगद काढल्या, केस मागे घेतले, मफ बसवले, कडेनं बोट फिरवून फट राहिली नाही ना ते पाहिलं. "पहेलां कान," ते म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले. ते वाक्य त्या पुन्हा बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी गेल्या.

सर त्यानंतर आठ महिने होते. भेटले की पाटी पुढे करायचे. "काय म्हणाली असेल गं? एखादा तरी शब्द? ओठांवरून काही?" मी दरवेळी लिहायची, 'माहीत नाही, सर.' ते पुसायचे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला जाणं नकोसं व्हायचं, पण न जाऊन चालणार होतं का?

शेवटी दवाखान्यात, नाकात नळी असताना, त्यांनी पुन्हा बोटानं पाटी दाखवली. माझ्यानं राहवलं नाही. मी लिहिलं, 'काकू म्हणाल्या, हळू बोला. मी इथेच आहे.'

सरांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. जगतापांच्या घरात जन्मभर कुणी बोललं नसेल इतक्या हळू ते काहीतरी बोलले. मला वाकून कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला.

"खोटं लिहितेस," ते म्हणत होते. "पण तिचंच वाक्य आहे."