वांगावरचा लेप

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग उठले. आणि नेमका तेव्हाच राजूरच्या खाणीतला एक कारकून मला बघायला येणार होता. आई नव्हती, त्यामुळे माझा चेहरा काकूच्या ताब्यात गेला.

उपाय मला ठाऊक होता. जायफळ दुधात उगाळायचं, आंबेहळद कालवायची, लेप वाळला की धुवायचा आणि सावलीत राहायचं. काकूनं त्यात लिंबू पिळलं. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी लेप थापून तिनं मला कापूस वेचायला पाठवलं.

"धुऊन जाऊ दे नं, काकू. आग होऊन राह्यली."

"कायले धुतं? लग्नाची हळद कोणी धुते काय? राहू दे, तेज येते."

आमच्याकडे हळद उतरवायच्या दिवसापर्यंत नवरी तोंड घासत नाही. तोच नियम तिनं लिंबाला लावला. अडाणीपणानं की जाणूनबुजून, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

संध्याकाळी लेप काढला तर कातडी सोलून निघाली होती. पाहुणे यायच्या सकाळी तिथं काळं पडलं.

मुलाच्या आईनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "हे काय व बाई?"

"लहानपणापासूनच आहे जी तिले," काकू म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "खोटं! कालचं आहे. हिनंच लिंबू लावून मले उन्हात धाडलं." बाबांनी डोळे वटारले, पण मी थांबले नाही. "आज होकार देऊ नका. होळीले या. डाग राह्यला तर खुशाल नाही म्हणा."

बाईनं हनुवटी सोडली. "पोरगी होय का दलाल?"

ओसरी हसली. कारकूनही हसला. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या काकूच्या मुलीला होकार मिळाला.

होळीपर्यंत माझे गाल स्वच्छ झाले. बघायला कोणी आलं नाही.

दलाल म्हणाली, तर म्हटलं तेच होऊ. आर्णीच्या बाजारात आधी पोतं अंथरून, मग स्वतःच्या दुकानात मी जायफळ, आंबेहळद, ज्येष्ठमध विकू लागले. काही वर्षांनी काकू दुकानात आली.

"बाळंतपणानंतर पोरीले वांग आलं. जायफळ दे. घरच्याले भाव कमी करशील नं?"

मी हातात तोलून जड, न किडलेलं जायफळ निवडलं. भाव उतरवला नाही.

"लेप वाळला का धुवाले सांगजो," मी म्हटलं.

काकूनं पुडी कनवटीला खोचली आणि मान वर न करता निघून गेली.