लेकीच्या गावचं पाणी

पडदा वर गेला की समोर एक अंगण दिसावं, असं समजा. डावीकडे पऱ्हाट्यांची रास, उजवीकडे रवंथ करणारी म्हैस आणि मधोमध पाइप जमिनीत उतरवायची तीन बल्ल्यांची तिकटी. तिकटीखाली चिखलात गुडघे टेकून बचित्तर सिंह मिस्त्री बसलाय. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडे बघतंय आणि तो हातातल्या पेल्याकडे.

पंजाबातल्या मानसाच्या मुलखात बचित्तर सिंहने उभं आयुष्य हापसे बसवण्यात घालवलं. इथल्या जमिनीच्या पोटातलं पाणी खारं. कालव्यातून झिरपलेल्या गोड्या पाण्याचा थर वरवर कुठेतरी सापडतो. पाइप जरा जास्त उतरला की तो थर हातचा गेलाच. म्हणून हा माणूस थोडं खोदायचा, घोटभर प्यायचा, डोळे मिटून थांबायचा आणि मग बोलायचा. त्याच्या घशावर गावंच्या गावं चहा करत होती.

त्या वर्षी मानसा नुकताच जिल्हा झाला होता. "कचेरी दारात आली, पाणी कधी यायचं?" असं पारावरचे म्हातारे एकमेकांना विचारायचे आणि खोकून हसायचे.

हे अंगण त्याच्या लेकीचं, जसमेलचं. गेल्या हिवाळ्यात कालव्याच्या निसरड्या काठावर घागरीसकट ती पडली आणि पोटातलं राहिलं नाही. यंदा पुन्हा दिवस गेले होते. बातमी कळताच बचित्तर सिंह सायकलला पाइप बांधून न बोलावता आला. येताना प्यायचं पाणी मात्र स्वतःचं घेऊन आला.

"व्याही, नुसतं बघून गोडं होतं का पाणी?" जसमेलची सासू निहाल कौर म्हणाली.

"विहीणबाई, लेकीच्या गावचं पाणी बापाने पिऊ नये. माझ्या बापाने पाळलं, मी पाळत आलो."

"मग चूळ भरा आणि थुंका! कोण बघतंय?"

"खारेपण जिभेवर कळतं. कडूपण घशाखाली गेल्याशिवाय कळत नाही."

"तुमच्या आधीचे मिस्त्री तर घटाघटा प्यायले."

"मग?"

"मग काय! त्यांच्या हापशाच्या पाण्याने चहातलं दूध अजून फाटतंय. माझा म्हातारा तर पनीर समजून खातो."

अंगण खो-खो हसलं. जसमेल हसली नाही. ती पुढे झाली.

"बापू, आण इकडे. मी पिऊन सांगते."

"तुला सगळंच गोड लागेल, पोरी. तुला हापसा हवाय."

हे खरंच होतं. जसमेलने पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि भिंतीजवळची रिकामी घागर उचलून तिच्यावर घेतली. रागाने नाही, संध्याकाळच्या स्वयंपाकाला पाणी नव्हतं, एवढंच. ती फाटकाकडे निघाली. एक हात घागरीला, एक हात पोटावर.

बचित्तर सिंहने पेला तोंडाला लावला. चूळ नाही, घोट नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. जसमेल फाटकातून परत फिरली आणि त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. त्याने डोळे मिटले होते. तो एरवी थांबायचा त्याहून जास्त थांबला.

पुढे गावाने हा प्रसंग फार रंगवला. कुणी म्हणे, त्याने आभाळाकडे हात जोडले. कुणी म्हणे, धाय मोकलून रडला. एकाने तर त्याच्या तोंडी भलंमोठं भाषणच घातलं. पण जसमेल हातभर अंतरावर होती. ती सांगते, बापूने मिशा पुसल्या, तिच्या डोक्यावरची घागर काढून घेतली आणि म्हणाला,

"कडू आहे. पाइप वर ओढा, उद्या पलीकडच्या कोपऱ्यात बघू. आणि जसमेल, रीत तर मोडलीच. आता गोडं लागेपर्यंत इथेच राहतो, कालव्यावर मी जाईन, तू माझ्यासाठी दोन रोट्या जास्त टाक."