खोलीच्या मधोमध कपाट

नातीच्या प्रवेशासाठी काल विद्यापीठात गेले. मानवी हक्क आणि शांतता अभ्यास विभागाच्या खोलीत ते लोखंडी कपाट अजून मधोमध उभं होतं.

"आजी, हे भिंतीला का नाही लावत गं?" नातीने विचारलं.

मग सांगितलं तिला सगळं. मीच ते ओढून तिथे आणलं होतं. विभाग सुरू झाला तेव्हा या खोलीत आम्ही दोघं बसायचो, कायद्याचे देशमुख सर आणि समाजशास्त्राची मी. सगळ्या विद्याशाखांनी मिळून शांतता शिकवायची, हे आमचं दोघांचं स्वप्न. अभ्यासक्रमाच्या मुखपृष्ठावर कोणाची विद्याशाखा आधी छापायची, यावरून आमचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. काय ती तेव्हाची मी! वर्गात "संवाद हाच मार्ग" म्हणून घसा बसेपर्यंत शिकवायची आणि खोलीत येऊन शिपायाला सांगायची, "शिंदेमामा, सरांना म्हणावं, पंखा कमी करा." सर चार हातांवर बसलेले. मामा बिचारे कपाटाला वळसा घालून निरोप पोचवायचे. अकरा वर्षं!

दूरदेशीच्या युद्धांवर तोडगे सुचवणं सोपं असतं. तिथे आपल्याला "माझं चुकलं" म्हणावं लागत नाही.

"मग मिटलं कधी?" नात हसत होती.

"मिटतंय कसलं! गेलेच ते."

त्यांच्या पत्नीला सांत्वनाचं पत्र तेवढं मी पाठवलं. तेही विभागामार्फत, रीतसर, जावक क्रमांक घालून.